एमजीबीच्या मागून येणारी ‘ठक्‌’: डिफरन्शियल उघडण्याआधी काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये क्लच सोडताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढताना किंवा रिव्हर्समधून पहिल्यात येताना मागून ‘ठक्‌’ वाजलं, की बहुतेक जण थेट निकाल देतात: ‘डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) गेलं.’ मग एक्सल खाली उतरतो, क्राऊन-पिनियनची, म्हणजे आतल्या मुख्य दोन गिअरची, जोडी मागवली जाते, खिसा रिकामा होतो आणि गाडी रस्त्यावर आली की तोच आवाज पुन्हा येतो. कारण दोष चाकाच्या हबमध्ये असतो, नाहीतर एक्सल पाट्याला बांधणारा यू-बोल्ट ढिला असतो.

हा आवाज सहसा एकट्या भागाचा नसतो. हबपासून गिअरबॉक्सपर्यंत चार-सहा ठिकाणी थोडा थोडा खेळ साठतो आणि तो सगळा एकदम वाजतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची: आधी सामान, मग चाक, कमान पाटे, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारी लांब नळी) आणि सर्वांत शेवटी डिफरन्शियल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच चाचणी घ्यायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज जाईलही, पण कशामुळे गेला ते कळणार नाही. परत आला तर पहिल्यापासून सुरुवात.

इथलं सगळं १९६२ ते १९८० दरम्यानच्या चार सिलिंडरच्या एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची) आणि जीटीला (बंद टपाची) धरून आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना तिथे २०१८ पासून एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती नाही. म्हणजे वर्षातून एकदा कुणीतरी गाडीखाली डोकावायचं, तेही आता होत नाही. ते तुम्हालाच करायचं आहे.

## टप्पा १: एक्सल कोणता आहे ते ओळखा

एमजीबीला दोन प्रकारचे एक्सल लागले. सुरुवातीच्या रोडस्टरला बॅन्जो एक्सल आहे. जीटीला १९६५ पासून, म्हणजे पहिल्यापासूनच, आणि रोडस्टरला १९६७ च्या सुमारास सॅलिसबरी म्हणजे ट्यूब पद्धतीचा एक्सल आला.

ओळख सोपी आहे. मागून वाकून बघा. मधल्या बिडाच्या बोळ्याला मागच्या बाजूने पत्र्याचं झाकण असेल आणि त्याला कडेने बोल्ट असतील, तर सॅलिसबरी. मागची बाजू गोल, गुळगुळीत, बोल्ट नसलेली आणि नटांची रांग पुढच्या बाजूला असेल तर बॅन्जो. ॲम्बॅसेडरचं हाऊसिंग उघडलेल्या जुन्या मिस्त्रीला बॅन्जो नवा नाही, दोन्ही गाड्या बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्याच घराण्यातल्या. तोच मिस्त्री सॅलिसबरीच्या पुढच्या बाजूला नट शोधत बसू नये, म्हणून हे आधी सांगून ठेवा.

आणखी एक: या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मागच्या भागात ९/१६ इंचाचा पाना सर्वांत जास्त लागतो. मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना लावला, की गंजलेल्या नटाची डोकी गोल झालीच म्हणून समजा.

## टप्पा २: गाडी आधी गप्प करा

डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, हातोडी, चाकाचा पाना, सगळं बाहेर. सीटमागच्या फळीखाली हात घाला. १९७४ पर्यंतच्या गाड्यांमध्ये तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, एक्सलच्या अगदी पुढे. पुष्कळ जणांनी आता तिथे बारा व्होल्टची एकच लहान बॅटरी बसवलेली असते आणि ती खोक्यात मोकळी हलते. तिचा आवाज थेट एक्सलमधून आल्यासारखा वाटतो. बॅटरीची पट्टी आवळा.

सायलेन्सरचा पाइप हाताने जोरात हलवून बघा. एक्सलला किंवा बॉडीला कुठे टेकत असेल, तर तिथे घासून चकाकलेला डाग दिसतो.

तपासा: एवढं करून एक चक्कर मारा. आवाज गेला असेल तर पुढचं वाचण्याची गरज नाही.

## टप्पा ३: आवाज कधी येतो ते लिहून काढा

‘मागून वाजतं’ एवढ्यावर काही ठरत नाही. मोकळ्या रस्त्यावर पुढच्या परिस्थिती एकेक करून तयार करा. सोबत कुणीतरी लिहायला असावं.

- सरळ रस्ता, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर दाबा-सोडा. प्रत्येक वेळी एकच ठोका पडला, तर ताकद वाहून नेणाऱ्या साखळीत खेळ आहे: हब, प्रोपेलर शाफ्टच्या टोकांचे जॉइंट, डिफरन्शियल किंवा इंजिन-गिअरबॉक्सची रबरं.
- न्यूट्रलमध्ये, उतारावर, खड्ड्यातून. इथे इंजिनचा जोर नाही. तरीही वाजलं, तर डिफरन्शियल विसरा. शॉकॲब्सॉर्बर, त्याला एक्सलशी जोडणारी लिंक, शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारी झुलती कडी), पाटे बघा.
- अगदी हळू पुढे-मागे, अंगणात. दुसऱ्याला बाहेर चालत चाकाजवळ कान द्यायला सांगा. चाकातून बारीक, टणक ‘टिक्‌’ किंवा ‘कट्‌’ आली, तर तारांच्या चाकांच्या खाचांवर संशय घ्या.
- ब्रेक लावताना एकदाच. रिव्हर्स घेतल्यावरच्या पहिल्या ब्रेकला ठोका पडला, तर यू-बोल्ट, पाट्याचा पुढचा बुश किंवा ड्रममधले ब्रेक-शू.
- वेगाबरोबर भरभर वाढणारी टकटक. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या जवळजवळ चौपट वेगाने फिरतो, कारण एक्सलचं गुणोत्तर ३.९०९ आहे. टकटक चाकाच्या फेऱ्यांच्या मानाने फारच जलद असेल, तर चाक सोडा आणि शाफ्टकडे बघा.

इशारा: कानावर पूर्ण विश्वास ठेवू नका. प्रोपेलर शाफ्ट ही पोकळ नळी आहे. डिफरन्शियलमधला खेळ तिच्यावर आदळतो आणि ती घंटेसारखी वाजते, म्हणून आवाज दोन सीटांमधल्या बोगद्यातून आल्यासारखा वाटतो. या एका फसवणुकीमुळे कितीतरी चांगले जॉइंट बदलले गेले आहेत. कान फक्त ‘कधी’ सांगतो. ‘कुठे’ ते हातानेच शोधायचं.

## टप्पा ४: गाडी उचलणं

हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं उचलली, की हँडब्रेक ओढलेला असला तरी गाडी पुढच्या चाकांवर सरकू शकते. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

जमीन सपाट आणि टणक हवी. ट्रॉली जॅक एक्सलच्या मधल्या बोळ्याखाली लावा, पण मागच्या पत्र्याच्या झाकणावर नको. घोड्या (आधाराचे स्टँड) एक्सलच्या नळ्यांखाली, पाट्यांच्या बैठकीजवळ. म्हणजे गाडीचा भार पाट्यांवरच राहतो आणि बुश जसे रस्त्यावर असतात तसेच दिसतात. गाडी बॉडीवर टांगून एक्सल लोंबकळत ठेवला, तर शॅकल आणि लिंकमधला खेळ लपतो.

इशारा: मागची चाकं हवेत ठेवून, इंजिन चालू करून, गिअर टाकून ‘आवाज ऐकायचा’ मोह होतो. कुणी गाडीखाली असताना हे कधीही करू नका.

## टप्पा ५: चाक आणि हब

तारांची चाकं असतील तर सर्वांत जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते एमजीबीतले निम्मे ‘डिफरन्शियलचे’ आवाज इथूनच निघतात.

एकाने आत बसून पायाचा ब्रेक घट्ट दाबून धरायचा. दुसऱ्याने टायर दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करायचा, वर-खाली हलवायचा नाही. नजर चाक आणि ड्रम यांच्यामधल्या फटीवर ठेवा. चाक हललं आणि ड्रम जागचा हलला नाही, तर खाचा झिजल्या आहेत. ड्रमही चाकाबरोबर हलला तर ब्रेक-शू, बॅकप्लेट किंवा आतला हब बघा.

आता चाक काढा, हबवरचं जुनं ग्रीस रॉकेलने धुवा आणि दाते उजेडात बघा. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो. झिजलेला दाता त्रिकोणी, टोकदार होतो, बोटाला टोचतो. चाकाच्या आतल्या खाचाही तशाच तपासा. दात्याची एकच बाजू खाल्लेली असेल, तर चाक बरेच दिवस सैल फिरलं आहे.

इथली नेहमीची चूक म्हणजे अर्धी दुरुस्ती. नवं चाक जुन्या हबवर चढवलं, की हबचे टोकदार दाते नव्या चाकाच्या खाचा खाऊन टाकतात. दोन्ही झिजले असतील तर दोन्ही बदला. एका बाजूला कसर दिसली, तर दुसरी बाजू उघडून बघितल्याशिवाय पार्ट मागवू नका.

चाक परत बसवताना दात्यांना ग्रीस लावा, चाक हवेत असताना मधला नट चढवा आणि तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने ठोकून घट्ट करा. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलटे असतात. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने नट सुटायला हवा. उलटं असेल तर कुणीतरी हब अदलाबदल केले आहेत. अशी गाडी चालवू नका, नट आपोआप सैल होऊन चाक निघू शकतं.

पत्र्याची चाकं असली, तरी सॅलिसबरी एक्सलवर हबच्या मधला मोठा नट तपासाच. त्याचा टॉर्क (आवळण्याचा जोर) १५० पाउंड-फूट आहे, म्हणजे साध्या पान्याने ‘घट्ट वाटतं’ तेवढ्यावर भागत नाही. हा नट सैल असला, की हब हाफ-शाफ्टच्या (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) खाचांवर डुलतो, ठोका देतो, आणि कधी तिथून तेलही झिरपतं. नट घट्ट केल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर थोडं पुढे घट्ट करून जुळवा. मागे सैल करून जुळवायचं नाही.

## टप्पा ६: पाटे, यू-बोल्ट, शॅकल

तारेच्या ब्रशने यू-बोल्टची जागा साफ करा. एक्सल आणि पाट्याच्या मध्ये रबरी पॅड आहे. ते चेपलं, की वरून घट्ट दिसणारा यू-बोल्ट आतून सैल असतो. पॅडच्या कडेला चकाकणारी रेघ किंवा गंजाची लालसर भुकटी दिसली, तर एक्सल तिथे सरकतो आहे. पॅड नवे टाकून चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे वळलात तर बैठक तिरकी बसते.

पाट्यांच्या मधोमध जाणारा सेंटर बोल्ट तुटला असेल, तर एक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो. दोन्ही बाजूंना चाक आणि मडगार्डच्या कडेतलं अंतर मोजा. ठळक फरक असेल तर पाटे उतरवा.

पुढच्या बुशसाठी लांब पहार पाट्याच्या डोळ्यापाशी घालून हळूच उचका. रबर थोडं दबणारच. धातूला धातू लागल्याचा आवाज आला, तर बुश गेला. याच वेळी पाट्याचा पुढचा टोक जिथे बॉडीला जोडला आहे, तिथला पत्रा पेचकसाने टोचून बघा. पेचकस आत गेला तर आवाजाचा विषय बाजूला ठेवा, आधी वेल्डिंगवाल्याकडे जा.

नेहमीची चूक: नवा बुश बसवून गाडी हवेत असतानाच बोल्ट पूर्ण आवळणं. चाकं जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी खाली उतरवा, मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा, मगच आवळा.

शॉकॲब्सॉर्बर जुन्या पद्धतीचे, हातासारखा हलणारा दांडा (लिव्हर) असलेले आहेत. त्यांना बॉडीशी धरणारे बोल्ट आणि खालची लिंक हलवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि खड्ड्यातला आवाज बऱ्याचदा इथेच सापडतो.

## टप्पा ७: प्रोपेलर शाफ्ट आणि दोन जॉइंट

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. एक हात जॉइंटच्या अलीकडे, दुसरा पलीकडे ठेवून उलट-सुलट पिळा. शाफ्ट किती फिरतो ते इथे बघायचं नाही, जॉइंटचे दोन काटे एकमेकांच्या तुलनेत हलतात का तेवढंच बघायचं. चांगल्या जॉइंटमध्ये हा फरक शून्य असतो, ‘थोडा’ही नसतो. हँडब्रेक सोडून शाफ्ट पाव फेरा फिरवा, हँडब्रेक ओढून पुन्हा तपासा, कारण चार टोप्यांपैकी दोनच झिजलेल्या असू शकतात. टोप्यांच्या कडेला लाल भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस संपून सुया गंजल्या आहेत. आज खेळ नसला तरी तो जॉइंट बदला.

शाफ्टच्या पुढच्या टोकाला सरकणारा खाचांचा भाग आहे. तो वर-खाली हलवून बघा. त्याच्या निपलला ग्रीस कधी मिळालंच नाही, असं खूप गाड्यांत दिसतं.

इशारा: शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) आणि सरकत्या भागावर रंगाच्या खुणा करा. दोन भाग एका खाचेने चुकून जोडले, की दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत आणि थरथर सुरू होते. मग लोक चाकं बॅलन्स करत फिरतात. फ्लँजचे लॉकनट परत वापरू नका.

शाफ्टकडे आहातच, तर गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरची रबरं आणि इंजिनची दोन माउंटिंग बघून घ्या. फाटलेली रबरं ॲक्सिलरेटर सोडताना ठोका देतात, आणि तो आवाज गाडीभर फिरतो.

## टप्पा ८: डिफरन्शियलमधला खेळ मोजा, उघडू नका

वरचं सगळं ठीक निघालं, तरच इथे या.

गिअर न्यूट्रल. पायाचा ब्रेक कुणीतरी दाबून धरलेला. डिफरन्शियलच्या फ्लँजवर व्हाइटनरची एक रेघ मारा आणि शेजारी बिडाच्या भागावर कागदी टेप चिकटवा. आता फ्लँज हाताने एका टोकापर्यंत फिरवा, टेपवर खूण करा. मग उलट दिशेला, दुसरी खूण. जॉइंटचा खेळ यात येत नाही, कारण तुम्ही त्याच्या मागे मोजता आहात. तारांच्या खाचांचाही येत नाही, कारण ड्रमच धरून ठेवलेला आहे. उरतो तो फक्त डिफरन्शियल आणि हाफ-शाफ्टचा खेळ.

हा खेळ बघून माणसं उगाच घाबरतात. आत दोन अंशांची सैलता असेल, तर गुणोत्तरामुळे फ्लँजवर ती जवळजवळ आठ अंश दिसते. माझा ठोकताळा घड्याळाच्या काट्यावर आहे: एक-दोन मिनिटांएवढी हालचाल असेल, तर जुन्या गाडीत ती चालते, हात लावू नका. पाच मिनिटांच्या पुढे, म्हणजे तीस अंशांच्या वर गेली तर उघडा. मधलं असेल तर खूण जपून ठेवा, काही महिन्यांनी परत मोजा.

फ्लँज पुढे-मागे आणि वर-खालीही ओढून बघा. तिथे जाणवेल असा खेळ असेल तर पिनियनच्या बेअरिंगचा प्रश्न आहे. त्यावर पिनियनचा मोठा नट नुसता आवळून ‘काम झालं’ म्हणू नका. त्या नटावर बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला दाब, ठरलेला असतो. तो बिघडला, की बेअरिंग लवकर जातं आणि ठोक्याच्या जागी घोंगावणं सुरू होतं.

## टप्पा ९: सॅलिसबरीचं मागचं झाकण

खाली मोठा ट्रे ठेवा, झाकण काढा आणि आधी तेल बघा. तळाला चंदेरी बारीक गाळ असेल तर तो वयाचा आहे. तांबूस कण असतील तर ते थ्रस्ट वॉशरचे (गिअरमागच्या झिजणाऱ्या चकत्यांचे), आणि तेच आपण शोधतो आहोत. पोलादाचे तुकडे, पापुद्रे दिसले तर थांबा. ते काम एक्सल उघडून बसवण्याचा अनुभव असलेल्याचं आहे.

आता फ्लँज हळूहळू डुलवत आतल्या हालचालींचा क्रम बघा. फ्लँज हलताच क्राऊन व्हील लगेच हललं, पण सन गिअर (हाफ-शाफ्टच्या टोकांवरचे) उशिरा हलले, तर क्राऊन-पिनियन ठीक आहे आणि खेळ प्लॅनेट गिअरमध्ये (सन गिअरना जोडणाऱ्या छोट्या गिअरमध्ये) आहे. एमजीबीत बहुतेक वेळा हेच निघतं. महागडी जोडी बदलण्याचं कारण उरत नाही.

दुरुस्तीचा क्रम असा:

१. हब आणि बॅकप्लेट उतरवून दोन्ही हाफ-शाफ्ट बाहेर ओढा. ब्रेकची नळी सुटते, तेव्हा नंतर ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढणं) आलंच.

२. क्रॉस पिन (प्लॅनेट गिअर ज्यावर फिरतात तो दांडा) धरणारी छोटी रोल पिन ठोकून काढा, मग क्रॉस पिन सरकवून बाहेर घ्या.

३. दोन्ही प्लॅनेट गिअर एकत्र फिरवत खिडकीतून बाहेर आणा, मग सन गिअर. त्यांच्यामागे मोठे सपाट वॉशर, आणि प्लॅनेटमागे वाटीसारखे छोटे.

४. क्रॉस पिनवरून नख फिरवा. नख अडलं तर पिनही नवी हवी. फक्त वॉशर बदलले तर खेळ अर्धाच कमी होतो.

५. नवे वॉशर तेलात बुडवून बसवा. दोन्ही प्लॅनेट समोरासमोर धरून एकाच वेळी आत फिरवा. एक दाता चुकला, की पिनचं भोक जुळणार नाही. जुळलं नाही तर हातोडी उचलू नका, गिअर बाहेर काढून पुन्हा बसवा.

क्राऊन व्हील जागचं हललेलं नसल्यामुळे दातांची जुळणी जशीच्या तशी राहते. बॅन्जो एक्सलला मागचं झाकणच नाही. तिथे हाफ-शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट सोडवून सगळा डिफरन्शियल पुढून बाहेर काढावा लागतो आणि वॉशर टेबलावर बदलता येतात.

झाकणाच्या दोन्ही कडा साफ करून नवं गॅस्केट लावा. हायपॉइड गिअरचं ९० ग्रेडचं ईपी तेल लेव्हल प्लगच्या ओठापर्यंत भरा, गाडी सपाट उभी असताना. मागून उचललेल्या गाडीत तेल भरलं तर पातळी चुकते.

## टप्पा १०: चाचणी आणि पुन्हा आवळणं

टेपवरचं मोजमाप पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्याशेजारी लिहा. मग टप्पा ३ मधल्या पाचही परिस्थिती त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये करून बघा. ‘आता बरं वाटतं’ हा निष्कर्ष नव्हे. पाचपैकी कोणत्या गप्प झाल्या आणि कोणती अजून बोलते, ते लिहा. उरलेला आवाज बहुधा दुसऱ्याच टप्प्यातला असतो, त्याच्याच कामाला परत या.

साधारण ऐंशी-शंभर किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्टचे नट, प्रोपेलर शाफ्टचे आठ बोल्ट आणि तारांच्या चाकांचे मधले नट परत आवळा. नवं रबरी पॅड तेवढ्या अंतरात बसतं, यू-बोल्ट हमखास थोडा सैल झालेला सापडतो. झाकणाच्या खालच्या कडेला बोट फिरवा. बोट ओलं झालं तर त्या बाजूचे बोल्ट एकेक करून थोडे आवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट फिरवून बघा.